नांगरावरचे जहाज आणि एकटा माणूस : वाचकांच्या प्रश्नांना लेखकाची उत्तरे

या मासिकातून गेले अकरा महिने क्रमशः प्रसिद्ध होत असलेली माझी हेरकथा मागील अंकात संपली. खाडीकाठच्या एका गावात मासेमारी नौकांचे वायरलेस आणि फिश फाइंडर दुरुस्त करणाऱ्या मध्यमवयीन माणसाला संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या एका मालवाहू जहाजाविषयी संशय येतो आणि कोणीही पाठीशी नसताना तो त्या संशयाचा शेवटपर्यंत पाठपुरावा करतो, एवढेच तिचे सूत्र आहे. संपादकांनी माझ्याकडे पाठवलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत हा माणूस मला कुठे भेटला, असे विचारलेले आहे. तो एका ठिकाणी भेटलेला नसल्यामुळे निवडक पत्रे घेऊन मी क्रमाने उत्तरे देत आहे.

प्रश्न : आपल्या नायकाला संपूर्ण कथेत नाव नाही. गावातले लोक त्याला नुसते 'रेडिओवाला' म्हणतात. असा माणूस आपण प्रत्यक्ष पाहिला आहे काय? (एक वाचक, देवगड)

उत्तर : पाहिला आहे. माझे बालपण विजयदुर्गच्या खाडीकाठी गेले. आमच्या धक्क्याजवळ कौलारू पडवीत एक गृहस्थ रेडिओ आणि पुढे वायरलेसचे संच दुरुस्त करीत असत. त्यांचे खरे नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होते. पावसाळ्यात नौका वर ओढून झापांनी शाकारल्या की सगळ्या तांडेलांचे, म्हणजे नौकांच्या प्रमुखांचे, बिघडलेले संच त्यांच्याकडे येत आणि पडवीत बसायला जागा उरत नसे. संचाचे झाकण उघडले की आत खारी हवा शिरून तांब्याच्या तारांवर हिरवट गंज चढलेला दिसे. तो गंज ते दात घासायच्या जुन्या ब्रशाने हळूहळू खरवडून काढीत आणि मग सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक राळेला लावीत. राळेच्या त्या धुराचा वास मला आजही कुठे आला तरी ती पडवी डोळ्यांपुढे उभी राहते.

त्यांची एक सवय माझ्या नायकाने जशीच्या तशी घेतली आहे. संच हातात घेण्यापूर्वी ते तांडेलाला 'काय बिघडले?' असे कधीच विचारीत नसत. 'बंद पडला तेव्हा तू कुठे होतास, वारा कुठला होता, आणि शेवटचे काय ऐकलेस?' असे विचारीत. यंत्राविषयी यंत्राला विचारण्याआधी ते यंत्राजवळ असलेल्या माणसाला विचारीत असत. मीटरचा काटा ठीक दाखवीत असला तरी कानाला खरखर ऐकू आली तर ते कानावर विश्वास ठेवीत. माझी कथा सुचली तेव्हा हेर, बंदूक किंवा पाठलाग यांपैकी काहीच माझ्यासमोर नव्हते. कानाला लावलेला हेडफोन आणि अर्धवट मिटलेले डोळे एवढेच होते.

नाव न देण्याचे कारण मात्र वेगळे आहे. गावात प्रत्येकाला ओळखणारा आणि तरीही कोणाच्या लक्षात न राहणारा माणूस मला हवा होता. ज्याच्या हातातून सगळ्या बंदरातले वायरलेस जातात, त्याला ठाऊक नाही असे काही नसते, आणि त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

प्रश्न : एकट्याने लढणारा नायक म्हटला की जेम्स बाँड आठवतोच. आमच्या पिढीला झुंजारही आठवतो. आपल्यावर त्यांची छाया आहे का? (एक निवृत्त टपाल कर्मचारी, सावंतवाडी)

उत्तर : झुंजारची आहे, आणि ती मला कृतज्ञतेने मान्य करायची आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि वाचनाची गोडी लावण्याचे फार मोठे काम त्या लहान पुस्तकांनी केले. आमच्याकडे ती पुस्तके हातोहात फिरून शेवटची पाने नसलेल्या अवस्थेत पोहोचत, त्यामुळे गुन्हेगार कोण हे आम्हाला आपल्याच बुद्धीने ठरवावे लागे. कथा रचण्याचा माझा पहिला अभ्यास तो.

बाँडची छाया नाही, परंतु त्याच्या निर्मितीची हकिगत मला शिकवून गेली आहे. इयान फ्लेमिंग हे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात प्रमुखांचे साहाय्यक होते. त्यांच्या नायकाचे नाव वेस्ट इंडीजमधील पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका पक्षितज्ज्ञाचे आहे. साधे, कानाला न अडखळणारे नाव त्यांना हवे होते. नायकाच्या प्रेरणांमध्ये दुश्को पोपॉव्ह या युगोस्लाव्ह दुहेरी हेराचे नाव नेहमी घेतले जाते. १९४१ मध्ये पोर्तुगालमधील एस्तोरिल येथे तो आणि फ्लेमिंग दोघेही होते. बाँडची पहिली कादंबरी १९५३ मध्ये निघाली. पुढे १९५६ मध्ये जेफ्री बूथरॉइड नावाच्या शस्त्रांच्या जाणकार वाचकाने फ्लेमिंगना पत्र लिहून कळवले की आपल्या नायकाच्या हाती दिलेले पिस्तूल त्याच्या कामाला शोभणारे नाही. फ्लेमिंगनी ते मानले, पिस्तूल बदलले आणि १९५८ च्या कादंबरीत शस्त्रे पुरवणाऱ्या अधिकाऱ्याला त्या वाचकाचेच आडनाव दिले. आजच्या सदरात शेवटी घेतलेल्या पत्रामुळे मला ही हकिगत विशेष आठवली.

प्रश्न : जहाज नसलेल्या जागी ते आहे असे पडद्यावर खरोखर दाखवता येते का, की ही कल्पना आहे? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : दाखवता येते, आणि प्रत्यक्षात दाखवले गेलेले आहे. मोठ्या जहाजांवर एआयएस नावाची यंत्रणा असते. जहाजाचा संच जीपीएसवरून आपली जागा घेतो आणि नाव, नऊ आकडी ओळख क्रमांक, वेग, दिशा अशी माहिती व्हीएचएफ रेडिओलहरींवरून सतत प्रसारित करतो. भारतीय जहाजांचा हा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. चालते जहाज दर २ ते १० सेकंदांनी आपली जागा सांगते, तर नांगर टाकून उभे असलेले जहाज दर ३ मिनिटांनी सांगते. ही व्यवस्था जहाजांची टक्कर टळावी म्हणून निर्माण झाली, म्हणजेच आसपासच्या प्रत्येकाने ऐकावे हाच तिचा हेतू. त्यामुळे तिच्या संदेशाला ना कुलूप आहे ना मोहोर. योग्य साधने आणि थोडे ज्ञान असलेला कोणीही दुसऱ्याच्या क्रमांकाने खोटी जागा सांगू शकतो.

यात दोन प्रकारचे खोटे आहे. पहिल्या प्रकारात जहाजाची स्वतःचीच फसवणूक होते. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात, नोव्होरोसिस्क बंदराजवळ, वीसएक जहाजांना त्यांच्या जीपीएसने समुद्र सोडून एका विमानतळावर नेऊन ठेवले होते. दुसऱ्या प्रकारात जहाज बिचारे आपल्या जागी असते आणि त्याच्या नावाने जगाची फसवणूक होते. जून २०२१ मध्ये ब्रिटिश युद्धनौका 'डिफेंडर' क्रिमियातील सेवास्तोपोलच्या दिशेने निघाल्याचे एआयएसच्या नोंदींत दिसत होते, आणि त्याच वेळी ओडेसा बंदरावर लावलेल्या साध्या कॅमेऱ्यांत ती धक्क्याला बांधलेली स्पष्ट दिसत होती. ही बातमी मी वाचली त्या दिवशी कथेचा कणा मला सापडला. उपग्रह, लहरी, संगणक या सगळ्यांनी मिळून उभे केलेले खोटे एका बंदराकडे सतत तोंड करून ठेवलेल्या कॅमेऱ्याने उघडे पाडले होते. त्या कॅमेऱ्याच्या जागी मी माणूस बसवला.

माझ्या कथेतले जहाज किनाऱ्यापासून १५ सागरी मैलांवर, धुरकट हवेत डोळ्यांना न दिसणाऱ्या टप्प्यात, नऊ दिवस नांगरावर उभे असल्याचे दिसते. नाव बरोबर, क्रमांक बरोबर, दर ३ मिनिटांनी येणारा संदेशही बरोबर. रेडिओवाल्याला संशय येतो तो वेगळ्याच गोष्टीने. नांगरावरची नौका भरतीच्या ओढीला एका अंगाला तोंड करते आणि ओहोटी लागली की फिरते, हे आपल्याकडे होडीत बसलेल्या लहान मुलालाही ठाऊक असते. भर समुद्रात वाऱ्याचाही परिणाम होतो, परंतु काही ना काही फिरतेच. पडद्यावरच्या या जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, नऊ दिवस एकाच अंशाला रोखलेली राहते. खोटे रचणाऱ्याने जहाजाचे सगळे काही उभे केले होते. त्याच्या खालचा समुद्र उभा करायचा राहून गेला होता.

आपण तंत्रज्ञानाचे विद्यार्थी आहात म्हणून थोडे अधिक सांगतो. उच्च तंत्रज्ञानाच्या हेरकथेत यंत्रे नायकाच्या सोयीसाठी येतात, असा एक समज आहे. मला ती त्याच्या अडचणीसाठी हवी होती. रेडिओवाला वही घेऊन कार्यालयात जातो तेव्हा तिथला अधिकारी दुष्ट नसतो, आळशीही नसतो. तो फक्त पडदा त्याच्याकडे वळवतो आणि 'हे बघा, आहे ना जहाज?' असे म्हणतो. नायक एकटा पडतो तो त्या क्षणी. त्याच्या एकटेपणाचे कारण स्वभावात शोधू नये. यंत्रापेक्षा समुद्रावर विश्वास ठेवणारा त्या खोलीत तो एकच असतो.

प्रश्न : दुसऱ्याला सावध करण्यासाठी तो मोबाइल का वापरत नाही? आणि इतका हुशार माणूस सगळ्या नोंदी शाळेच्या वहीत लिहून का ठेवतो? आणखी एक विचारते, रागावू नये : असा नायक पुरुषच का असावा लागतो? (एक वाचिका, गुहागर)

उत्तर : रागावण्याचे काहीच कारण नाही, कारण आपल्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच व्यक्तीपाशी आहे आणि ती व्यक्ती स्त्री आहे.

नूर इनायत खान यांचे वडील बडोद्याचे संगीतज्ञ आणि सूफी साधक. नूर यांचा जन्म १९१४ मध्ये मॉस्कोत झाला आणि त्या पॅरिसजवळ वाढल्या. मुलांसाठी त्या कथा लिहीत. जातककथांचे त्यांनी केलेले पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. युद्धात ब्रिटिशांच्या गुप्त संघटनेने त्यांना वायरलेस चालवण्याचे शिक्षण दिले आणि जून १९४३ मध्ये एका रात्री लहान विमानाने जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरवले. त्या ज्या गटासाठी काम करणार होत्या तो गट त्या पोहोचल्यानंतर थोड्याच दिवसांत पकडला गेला. परत येण्याची मुभा असतानाही त्या थांबल्या, कारण त्या भागातून लंडनला संदेश पाठवणारे दुसरे कोणी जवळजवळ उरलेच नव्हते. बॅगेत मावणारा, पण उचलताना हात भरून येईल असा वजनदार संच घेऊन त्या घरे बदलत राहिल्या.

घरे का बदलावी लागत? कारण बोलणारा वायरलेस आपली जागा सांगतो. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून लहरीची दिशा मोजली की त्या दोन रेषा जिथे छेदतात तिथे बोलणारा असतो. जर्मनांच्या दिशाशोधक गाड्या पॅरिसच्या रस्त्यांतून फिरत असत. जितका वेळ बोलाल तितके त्या जवळ येतील, असा सरळ हिशेब होता. दमास्कसमध्ये इस्रायलसाठी हेरगिरी करणारे एली कोहेन जानेवारी १९६५ मध्ये पकडले गेले, ते संदेश पाठवण्यामुळेच. त्याच वर्षी १८ मे रोजी त्यांना फाशी देण्यात आली. आज आपल्या खिशातला मोबाइल आपण न बोलताही जवळच्या मनोऱ्यांशी सतत संपर्क ठेवून असतो, म्हणजे नूर यांना जे धोक्याचे काम दिवसातून थोडी मिनिटे करावे लागे ते आपण अखंड करीत असतो. रोज चालू असलेला मोबाइल एकाच रात्री बंद ठेवला तर तीही एक खूण ठरते. म्हणून माझा नायक आपला मोबाइल घरी चालू अवस्थेत ठेवून बाहेर पडतो, हे दहाव्या प्रकरणात आपण वाचले असेल.

आता वही. नूर यांनी पाठवलेल्या संदेशांच्या प्रती एका वहीत जपून ठेवल्या होत्या. सूचनेचा अर्थ समजण्यात झालेल्या गोंधळातून हे घडले, असे सांगितले जाते. ऑक्टोबर १९४३ मध्ये फितुरीमुळे त्या पकडल्या गेल्या तेव्हा ती वहीही जर्मनांच्या हाती लागली आणि तिच्या आधाराने त्यांच्याच नावाने लंडनला खोटे संदेश जाऊ लागले. स्वतः नूर यांनी चौकशीत काहीही सांगितले नाही. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत त्यांना ठार मारण्यात आले; १९४९ मध्ये ब्रिटनने त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. सुमारे दहा महिने एकाकी, उपाशी आणि साखळदंडात राहूनही जिने तोंड उघडले नाही, तिचे एक नीटनेटकी वही ठेवण्याने नुकसान व्हावे, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. रेडिओवाल्याची वही तिथून आली आहे. त्याला सत्य सिद्ध करायचे असेल तर वही हवी, आणि जगायचे असेल तर ती जाळायला हवी. तो ती जाळत नाही.

पुरुषच का, याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. ज्या पडवीत कथा सुचली तिथे एक पुरुष बसलेला होता, एवढेच खरे कारण. मात्र सातव्या प्रकरणात वहीची निम्मी पाने मासळीच्या पाटीखालून बाजारात नेणाऱ्या त्याच्या वहिनीला मी हळूहळू वाढवत गेलो, आणि आपण लिहिता त्याप्रमाणे शेवटी धाडस तिचेच मोठे ठरते.

प्रश्न : नायकाचे आजोबा मुरगावच्या बंदरात जर्मन जहाज जळताना पाहतात, हे प्रकरण खरे आहे का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : आजोबा काल्पनिक, जहाज खरे. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा 'एरेनफेल्स' आणि आणखी दोन जर्मन मालवाहू जहाजांनी पोर्तुगीजांच्या तटस्थ गोव्यात, मुरगावच्या बंदरात आश्रय घेतला. पुढे एक इटालियन जहाजही तिथे आश्रयाला आले. जर्मन पाणबुड्या हिंदी महासागरात दोस्त राष्ट्रांची जहाजे बुडवू लागल्यावर ब्रिटिशांना संशय आला की 'एरेनफेल्स'वरील गुप्त वायरलेसवरून त्यांना खबर जात आहे. तटस्थ बंदरात उघड सैन्य पाठवणे शक्य नव्हते. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पथकातील व्यापारी, बँकवाले अशा, बहुतेक तारुण्य ओलांडलेल्या मंडळींना निवडण्यात आले. 'फिबी' नावाची गाळ वाहणारी बोट कलकत्त्याहून वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर आणण्यात आली, बहुतेक मंडळी आगगाडीने कोचीनला जाऊन तिच्यावर चढली, आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री ते 'एरेनफेल्स'वर चढले. जहाजाचा कप्तान मारला गेला. खलाशांनी स्वतःच जहाज बुडवले आणि ते पाहून बाकीच्या तीन जहाजांनीही तेच केले. ही हकिगत सर्वसामान्यांपुढे सविस्तर आली ती १९७८ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी. त्या मंडळींच्या छातीवर एकही पदक लागले नाही.

आपल्या किनाऱ्यावर हेरकथा घडू शकत नाही, असे मला पूर्वी अनेकांनी सांगितले होते. ती घडून गेलेली आहे. १९९३ च्या बाँबस्फोटांपूर्वी श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली, आणि २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहा जण 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावून जीपीएसच्या साहाय्याने आले, हे आपण कोणीच विसरलेलो नाही. त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली, किनाऱ्यावर रडार उभे राहिले. कथेतल्या गावकऱ्यांची परक्या नौकेविषयीची सावधगिरी त्या आठवणीतून आलेली आहे.

प्रश्न : हेरगिरी हे संघटनेचे काम असते. एकट्या नायकाची कथा वास्तवाशी प्रतारणा करत नाही का? बहिर्जी नाईकांचा उल्लेख आपण टाळलात, याचेही आश्चर्य वाटले. (इतिहासाचे निवृत्त शिक्षक, चिपळूण)

उत्तर : गुरुजी, आपला आक्षेप योग्य आहे. जर्मन सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ब्लेचली पार्कमध्ये युद्धाच्या अखेरीस सुमारे ९,००० माणसे काम करीत होती आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. तिथे एकट्याचे काही नव्हते. परंतु हे संघटन उभे कसे राहते ते पाहावे. कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले आहे की तीन हेरांचे म्हणणे जुळले तरच वार्ता खरी मानावी. आणि त्याच ठिकाणी असेही सांगितले आहे की हेरांना एकमेकांची ओळख असू नये. राजाच्या बाजूने पाहिले तर ते तिघे आहेत. त्या तिघांपैकी प्रत्येकाच्या बाजूने पाहिले तर तो एकटाच आहे. मी कथा सांगितली ती त्या तिघांपैकी एकाच्या बाजूने. शेवटच्या प्रकरणात त्याच्या वहीशी जुळणाऱ्या आणखी दोन नोंदी दोन वेगळ्या बंदरांतून आलेल्या असतात आणि हे त्याला कधीच कळत नाही, ते याचमुळे.

बहिर्जींचा उल्लेख मी आदरापोटी टाळला. त्यांच्या नावाने वेषांतराच्या असंख्य कथा सांगितल्या जातात, पण कागदात सापडणारे बहिर्जी फार थोडे आहेत आणि मला तेच अधिक मोठे वाटतात. सुरत मारल्यास अगणित द्रव्य मिळेल, ही खबर त्यांनी आणल्याचे सभासदाच्या बखरीत आहे. त्यावरून जानेवारी १६६४ ची स्वारी झाली. १६७९ मध्ये जालन्याहून परतताना मोगली फौज पाठीवर असता बहिर्जींनी आडवाटेने महाराजांना पट्टागडावर सुखरूप पोहोचवले. तिथे विसावा मिळाला म्हणून तो विश्रामगड झाला. वाट ठाऊक असणे हीच त्यांची विद्या. ती माझ्या नायकाने घेतली आहे, नाव न घेता.

प्रश्न : पाचव्या प्रकरणातील बॅटरीशिवाय ऐकणारे यंत्र अशक्य वाटते. (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतील अमेरिकन राजदूतांना लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. ती राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर लावली गेली आणि १९५२ पर्यंत तशीच होती. तिच्या आत लेव्ह तेरेमिन या संशोधकाने बनवलेले, ना बॅटरी ना वायर असे यंत्र होते. बाहेरून त्याच्यावर रेडिओलहर सोडली की ते जागे होई आणि खोलीतील आवाजाने थरथरणाऱ्या पातळ पडद्यामुळे परत जाणारी लहर बदलत असे. एरवी ते मुके, म्हणूनच तपासणीत सापडत नसे.

प्रश्न : शेवटी सरकारने त्याचा सत्कार करायला हवा होता. (एक वाचिका, मालवण)

उत्तर : मलाही तसे वाटत होते. त्याने मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडले, आणि मला ते बदलवेना.

प्रश्न : साहेब, कथा आवडली. पण अकराव्या भागात तुमचा माणूस चैत्री पौर्णिमेच्या मध्यरात्री खाडी चालत ओलांडतो असे लिहिले आहे. पौर्णिमेला मध्यरात्री खाडी तुडुंब असते. तिथीला पाऊणने गुणा म्हणजे भरतीची वेळ निघेल. हे चुकले आहे. (एक तांडेल, हर्णै)

उत्तर : चुकले आहे, आणि ही चूक लहान नाही. पौर्णिमेची तिथी पंधरावी. पाऊणने गुणले की सव्वाअकरा येतात. जागेप्रमाणे थोडाफार फरक धरला तरी त्या रात्री अकरा-बाराच्या सुमारास पूर्ण भरती, तीही उधाणाची. पाणी उतरायला सहा तास लागणार, म्हणजे पायी जाण्याजोगा तळ उघडा पडेल तो पहाटे साडेपाचच्या आसपास. ज्या कथेत खोटे जहाज ओळखू येते ते भरती-ओहोटीमुळे, त्याच कथेत मी भरतीची वेळ चुकवावी याचे मला फार वाईट वाटले. चांदण्या रात्रीचे दृश्य मनात ठरवून मी लिहीत गेलो आणि पंचांग उघडून पाहिले नाही. पडवीतल्या त्या गृहस्थांनी मला हे करू दिले नसते.

आपले पत्र आल्यावर मी ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतले आहे आणि पुस्तकात ते आपल्या हिशेबाप्रमाणे येईल. आता रेडिओवाला मध्यरात्री काठावर पोहोचतो तेव्हा त्याच्यासमोर भरलेली खाडी असते. होडी घ्यावी तर वल्ह्याचा आवाज पाण्यावरून लांब जातो. म्हणून तो तिवरांच्या मुळांत, गुडघाभर चिखलात, वही डोक्यावर पंच्याने बांधून सहा तास थांबतो आणि खोडांवरची ओली खूण बोटाबोटाने खाली सरकताना पाहत राहतो. पाणी उतरते तेव्हा पूर्वेला उजाडायला लागलेले असते. चैत्री पौर्णिमा म्हणजे हनुमान जयंती. पलीकडच्या काठावर मारुतीच्या देवळात सूर्योदयाच्या वेळच्या जन्मोत्सवासाठी सगळा गाव जमलेला असतो, दिवे लागलेले असतात, आणि ज्या माणसांपासून त्याला लपायचे आहे ती त्याच गर्दीत उभी असतात. अंधाराच्या आडोशाने ओलांडायची खाडी आता त्याला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ओलांडावी लागते.